अक्कांची शेजारती

देवावर माझा राग होता, हे आधीच सांगून टाकते. असे अनुभव लिहिणारी माणसं पहिल्या ओळीपासून हात जोडून उभी असतात. माझं तसं नव्हतं. त्या दिवसांत मी देवाशी रोज भांडत होते, आणि मला भांडायला फारसं निमित्त लागत नाही हे आमच्या हिमायतनगरच्या गल्लीतल्या भाजीवाल्यापासून सगळ्यांना ठाऊक आहे. पण या वेळचं भांडण खरं होतं. माझ्या थोरल्या जाऊबाई, आमच्या अक्का, दवाखान्यात खाटेला टेकून बसल्या होत्या आणि त्यांच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. हृदय दमलंय, असं डॉक्टर म्हणाले होते. फुप्फुसांत पाणी साठायचं, आडवं केलं की जीव गुदमरायचा, म्हणून खाटेची डोक्याकडची बाजू उचलून त्यांना अर्धवट बसवून ठेवलेलं. दुखणं बरं व्हायचं नाही हे मला कळून चुकलं होतं. मी देवाकडे आयुष्य मागतच नव्हते. एक झोप मागत होते, आणि तेवढीही त्याला देववत नाही म्हणून माझा संताप होत होता.

अक्कांबद्दल थोडं सांगायला हवं. आमच्या आजेसासऱ्यांनी परभणीकडची शेती भावाच्या हवाली करून हैदराबाद गाठलं, तेव्हापासून घर इथलंच. मी लग्न होऊन आले तेव्हा मला धड कणीक मळता येत नव्हती, तोंड मात्र सुरेख चालत होतं. अक्कांनी मला कणीक शिकवली. तोंडाचं काही करता आलं नाही, असं त्या येईल-जाईल त्याला हसत सांगायच्या. पुढे त्यांचे यजमान गेले, मग माझे गेले, आणि हिमायतनगरच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघी जावाच उरलो. अविनाश हा अक्कांचा एकुलता एक मुलगा. मला मूल नाही. पण अवी कुणाचा, असा प्रश्न आमच्या घरात कधी कुणी काढला नाही. जन्म त्यांनी दिला, शाळेत मी पोचवलं, आणि मार दोघींनी दिला. तो मालवाहू जहाजावर इंजिनिअर आहे. अक्कांना दवाखान्यात नेलं तेव्हा त्याचं जहाज भर समुद्रात होतं. बंदराला लागल्याशिवाय त्याला उतरता येत नव्हतं, आणि बंदर कधी लागणार हे वाऱ्यापाण्यावर होतं.

भावजी, म्हणजे अक्कांचे यजमान, दुपारी जेवून जरा लवंडले होते ते उठलेच नाहीत. अक्का चहाचा कप घेऊन उठवायला गेल्या होत्या. तेव्हापासून दुखण्यातली झोप म्हटली की त्या धास्तावायच्या. दवाखान्यात आल्यावर त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि म्हणाल्या, "धाकटे, मला झोपू देऊ नकोस. अवी येईपर्यंत मला जागी ठेव. तुला देवाची शपथ आहे."

मी शपथ पाळली. आमच्या घरात शपथ म्हणजे थट्टा नव्हे. त्यांची मान कलली की मी ओला रुमाल डोळ्यांवरून फिरवायची. कुणाच्या लग्नात कोण रुसलं, कोणत्या वन्संनी कोणाला काय ऐकवलं, सगळं उकरून काढून त्यांना बोलतं ठेवायची. खालून कडक कॉफी आणवून चमच्याने पाजायची. एकदा तर तळपायाला चिमटा काढला. आज लिहितानाही हात आखडतो, पण तेव्हा मला वाटत होतं, मी त्यांचा जीव धरून ठेवलाय.

त्यात भेटायला येणाऱ्यांची रीघ. हैदराबादेत आम्ही मराठी माणसं विखुरलेली, पण दुखण्याची बातमी एका दिवसात कोठीपासून नामपल्लीपर्यंत पोचते. कुणी अंगारा घेऊन, कुणी नारळपाणी घेऊन, कुणी नुसताच सल्ला घेऊन यायचं. आणि आपल्याकडची एक रीत आहे ना, आजाऱ्याच्या तोंडाजवळ वाकून विचारायचं, "ओळखलंत का? मी कोण सांगा बरं?" जणू परीक्षाच आहे. अक्का बिचाऱ्या आधी नावं सांगायच्या, मग नुसत्या मान हलवायच्या. पुढे पुढे त्यांना उत्तर येईनासं झालं, की पाहुणे माझ्याकडे बघून जीभ चुकचुकवत. एवढा राग यायचा मला! पण आलेल्या माणसाला दारातून परत पाठवायचं वळणच नाही आपल्यात.

असं करता करता अक्का आमच्यातून सुटत चालल्या. पांघरुणाची सुतं उपटत बसायच्या. भिंतीकडे बघून म्हणायच्या, गुरं आली का, वैरण टाकली का. मला सासूबाई समजून पदर सावरायच्या. डॉक्टर म्हणाले, झोप नाही म्हणून मेंदू भरकटतोय, आजारात असं होतं. मी म्हटलं, मग झोपेचं इंजेक्शन द्या ना! ते म्हणाले, आधीच श्वास अपुरा आहे, त्याने आणखी मंदावेल, धोका आहे. आणि मग एका दुपारी मी मोबाइलवर अवीचा फोटो काढून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "चांगला आहे मुलगा. कुणाचा गं?"

 ज्याच्यासाठी बाई जागत होती तो येऊन समोर उभा राहील आणि ती त्याला विचारेल, कुणाचा रे तू? मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि मनसोक्त रडले. देवाला म्हटलं, चांगली चाललीय थट्टा तुझी.

त्याच दुपारी विजया सिस्टर आमच्या खोलीवर आल्या. आधीच्या सिस्टर रजेवर गेल्या होत्या. या खम्मम बाजूच्या, अंगाने भरलेल्या, आवाज खणखणीत, गळ्यातल्या साखळीला बारीकसा क्रूस. दार उघडून आत आल्या तेव्हा मी ओला रुमाल अक्कांच्या डोळ्यांवर दाबत होते.

"ये क्या कररें आंटी? सोने देव ना अम्मा को!" आणि माझ्या हातातला रुमाल काढूनच घेतला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मराठी, हिंदी, दोन्ही भाषांत मी त्यांना सुनावलं. तुम्ही आज आलात, तुम्हाला काय माहीत, अवी येईपर्यंत जागं ठेवायची मी शपथ घेतलीय, आमच्या घरातली गोष्ट आहे. त्यांनी ऐकून घेतलं. ऐकता ऐकता अक्कांच्या पाठीमागची उशी काढून झटकली आणि परत लावली. मग स्टुलावर बसून म्हणाल्या, "अवी आने के बाद अम्मा उसको पहचानना कि नक्को? पहचानने के वास्ते नींद होना, आंटी."

मी गप्प झाले. मला गप्प करणारी माणसं आयुष्यात फार भेटलेली नाहीत, म्हणून लक्षात आहे.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी खोलीचा ताबाच घेतला. सकाळी पडदे सगळे उघडायला लावले आणि अक्कांना धरून खिडकीशी खुर्चीत बसवलं, उन्हात. मी घरून आणून पिशवीतच ठेवलेला चष्मा आणि कानातलं यंत्र शोधून काढून घातलं. दिवस दिसला पाहिजे, ऐकू आला पाहिजे, तर रात्र कळेल, असं त्यांचं म्हणणं. कॉफी बंद केली. लघवीची गोळी संध्याकाळी दिली जायची, त्यामुळे रात्रभर उठबस. ती डॉक्टरांना विचारून दुपारवर आणली. आणि भेटणाऱ्यांना दारातच थोपवायचं काम मला दिलं. म्हणाल्या, "आंटी, तुम्हारा मुँह अच्छा है, काम में लाव." त्या दिवशी मी चार घरची माणसं बाहेरच्या बाकावरून परत पाठवली. दोन घरं अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

एवढं करूनही झोप येईना. संध्याकाळी अक्कांच्या पापण्या जड व्हायच्या, मान कलायची, आणि विहिरीत पडल्यासारख्या दचकून त्या खाटेचा कठडा धरायच्या. डोळे एवढाले. भीती कुठे जात होती? ती उन्हाने आणि उश्यांनी जाणारी नव्हती. विजया सिस्टरनी त्यांच्या तळव्यांना तेल चोळता चोळता मला विचारलं, "घर पे अम्मा सोने से पहले क्या करते?"

मी म्हटलं, काही नाही, जेवतात, दात काढून ठेवतात, मग आमच्या बाळकृष्णाला झोपवतात आणि मग... बोलता बोलता मी थांबले.

आमच्या देवघरात बोटभर उंचीचा पितळी बाळकृष्ण आहे, रांगणारा. अक्का सासरी आल्या तेव्हा सासूबाईंनी तो त्यांच्या ओटीत घातला होता. रोज रात्री जेवणं झाली की त्या त्याची शेजारती करत, म्हणजे देवाला निजवत. चमचाभर कोमट दूध दाखवायचं, छोट्या लाकडी पलंगावर गादी झटकायची, त्याला निजवून दुलई घालायची, ओवाळायचं, समई शांत करायची आणि देवघराचा पडदा ओढायचा. त्यानंतर आमच्या घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही. माझाही आवाज तेवढ्यापुरता खाली यायचा. घरात कुणी गेलं त्या सुतकाचे दिवस सोडले तर अक्का हे करून मगच अंथरुणाला पाठ टेकत आल्या. आणि त्यांचा एक नेम होता. ज्याने निजवलं त्यानेच पहाटे उठवायचं. लेकरू डोळे उघडतं तेव्हा त्याला ओळखीचं माणूस दिसलं पाहिजे, असं त्या म्हणायच्या. मी रोज दुपारी तासभर घरी जाऊन अंघोळ आणि पूजा उरकत होते, पण शेजारती राहूनच गेली होती. देव तिकडे उघड्यावर जागा, अक्का इकडे जाग्या.

मी हे सांगितलं तर विजया सिस्टर सहज म्हणाल्या, "तो लेके आव ना उनको इधर."

त्या सहज म्हणाल्या, पण मला धडकी भरली. देवघरातला देव दवाखान्यात आणायचा? जिथे बेडपॅन आहे, रक्त आहे, शेजारच्या खोलीत कालच माणूस गेलंय? अक्का कडक सोवळ्याच्या. अंघोळ केल्याशिवाय मलाही त्याला हात लावू दिला नाही त्यांनी कधी. मी नाही म्हटलं. विजया सिस्टरनी आग्रह केला नाही. तेलाचा हात पुसून त्या दुसऱ्या पेशंटकडे गेल्या. अक्का पुन्हा दचकून कठड्याला धरून बसल्या, आणि मला म्हणाल्या, "सासूबाई, मी निजले नाही हं. जागीच आहे." त्या आवाजात इतकी भीती होती, की माझ्या सोवळ्याचं त्यापुढे काही चालेना.

मी घरी गेले, अंघोळ केली, देवघरापुढे बसले. त्याला म्हटलं, "तुझ्यावर राग आहे माझा, तो आहेच. पण तुझी आई तिकडे तळमळतेय. विटाळ होत असेल तर मला होऊ दे. चल." पलंगासकट त्याला रेशमी फडक्यात गुंडाळलं आणि मांडीवर घेऊन ऑटोत बसले. पाणी साचलेल्या, गर्दीच्या त्या रस्त्याने ऑटो खड्ड्यातून गेली की मी दोन्ही हातांनी त्याला धरत होते. माझ्या मांडीवर कधी लेकरू नव्हतं, हे मला त्या रस्त्यावर फार जाणवलं.

मी पोचले तेव्हा खोलीची कळाच बदललेली. तपासण्या, इंजेक्शन, गोळ्या सगळं विजया सिस्टरनी एकाच खेपेत उरकून घेतलं होतं, म्हणजे मग मधेच कुणी येऊन दंडाला पट्टा बांधायला नको. अक्कांचं तोंड-हात धुतलेलं, पाठ चोळलेली, पायांत मोजे, दोन्ही कोपरांखाली उश्या, आणि जेवणाचं सरकतं टेबल स्वच्छ पुसून पुढ्यात. फक्त एक गोष्ट त्यांनी आधीच बजावली, दिवा नक्को, ऑक्सिजन चालू आहे. मी टेबलावर फडकं सोडलं.

अक्का बघत राहिल्या. मला त्यांनी ओळखलं होतं की नाही देव जाणे, पण त्याला ओळखलं. हात आपोआप पुढे आले. त्यांनी गादी झटकली, उशी सारखी केली. मी औषधाच्या चिमुकल्या पेल्यात दूध धरलं, ते त्यांनी दाखवलं. मग इकडेतिकडे बघून माझ्यावर खेकसल्या, "दुलई कुठाय?"

दुलई मी घरी विसरले होते.  विजया सिस्टरनी ट्रेमधून कापसाची नवी कोरी घडी काढली, तिच्यावर पातळ जाळीचं कापड दुमडलं आणि अक्कांच्या तळहातावर ठेवलं. अक्कांनी ती घडी अंगठ्याने चाचपली. गालाला लावून पाहिली.  मग त्यांनी ती बाळकृष्णावर घातली, दोन्ही कडा खोचल्या आणि दोन बोटांनी थोपटलं. दिवा नव्हताच, म्हणून नुसते हात जोडून त्यांनी ते त्याच्यावरून फिरवले. खोलीतली मोठी ट्यूब विजया सिस्टरनी हळूच बंद केली. मशीनचा टिकटिक आवाजही कमी केला. बाहेर नर्सेसच्या टेबलावर तो ऐकू येतच होता.

"हळू," अक्का ओठांवर बोट ठेवून म्हणाल्या. "देव निजलाय."

आणि मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे, सासूबाईंकडे नव्हे. "धाकटे, पहाटे याला उठवायचंय मला. लवकर हाक मार हं. नाहीतर तू बसशील घोरत."

ज्या बाईने मला झोपू देऊ नकोस म्हणून शपथ घातली होती, ती मला उठवायला सांगत होती. शपथ त्यांनीच सोडवली. मी म्हटलं, "मारते हाक. निजा तुम्ही." त्यांनी डोळे मिटले. मान कलली. मी कठड्याकडे बघत राहिले, आता हात जाईल, आता दचकतील. हात गेला नाही.

त्या रात्रीबद्दल सांगण्यासारखं काही नाही, कारण काही घडलंच नाही, आणि तेच तर मी मागत होते. उजाडलं तेव्हा मी कबूल केल्याप्रमाणे हाक मारली. एका हाकेत त्यांनी डोळे उघडले. मला नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "अगं, किती काळवंडलीस! जेवतेस की नाही?" मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवून रडले. त्या म्हणाल्या, रडतेस काय, तो उठेल ना, आणि स्वतःच्या हाताने दुलई बाजूला करून त्यांनी बाळकृष्णाला जागं केलं. तेवढ्यात फोन वाजला. अवीचं जहाज बंदराला लागलं होतं, तो निघाला होता. यात काय आणि कोणाचं, ते मी ठरवत बसत नाही. जसं झालं तसं सांगतेय.

अवी दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला, तेव्हा विजया सिस्टरच्या शिस्तीप्रमाणे अक्का निजलेल्या होत्या. दोन विमानं बदलून आलेला तो उंच पोरगा बॅग टाकून धावत खाटेशी गेला, आणि मी आडवा हात घातला. माझा मलाच विश्वास बसेना. ज्याच्यासाठी त्यांना जागं ठेवायचं होतं त्यालाच मी अडवत होते. "झोपल्यात रे. बस जरा," म्हटलं. तो बसला. बसल्या बसल्या त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण त्याने नाकसुद्धा ओढलं नाही. तो अर्धा-पाऊण तास माझा जीव टांगणीला लागला होता. मग अक्का जाग्या झाल्या. चष्मा मागितला. तो घातला आणि त्याच्याकडे पाहिलं.

"अवी," म्हणाल्या, "दाढी कशाला ठेवलीस बाबा? वडिलांसारखा दिसतोस अगदी." आणि मग, "कधीचा आलायस? उठवायचंस ना."

"झोपली होतीस, आई."

"हो रे," त्या मोठं नवल सांगावं तशा म्हणाल्या, "झोप लागते आता मला."

पुढचे चार-पाच दिवस आम्हाला मिळाले. त्यात त्यांनी अवीला सगळं सांगितलं, कोणाला काय द्यायचं, माझ्याशी कसं वागायचं, माझं तोंड कसं सहन करायचं. रोज संध्याकाळी विजया सिस्टर त्यांचं सगळं आटोपून टेबल पुढे सरकवायच्या आणि दाराशी उभ्या राहायच्या. अक्कांच्या हातातलं बळ मात्र रोज कमी होत होतं. शेवटी शेवटी दुलई अक्कांच्या बोटांनी धरवेना, मग अवीने त्यांचा हात आपल्या हातात घेऊन ती घातली. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं ते आम्ही आत येऊन बोललो नाही. अक्कांनी विचारलंही नाही.

आणि एका सकाळी मी हाक मारली तर त्या उठल्या नाहीत. मी पुन्हा मारली. मग मोठ्याने मारली, त्या खोलीत कित्येक दिवसांत कुणी बोललं नव्हतं इतक्या मोठ्याने. विजया सिस्टर धावत आल्या, मनगट धरलं, मानेवर बोटं ठेवली आणि माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. माझा तोल गेला. "तुम्हीच झोपवलंत यांना!" मी ओरडले. "मी जागं ठेवलं होतं, तुम्ही झोपवलंत!"  विजया सिस्टरचे डोळे भरून आले आणि त्या तशाच उभ्या राहिल्या. अवीने मला धरलं. म्हणाला, "काकू, चेहरा बघ आईचा. बघ तरी."

मी पाहिलं. कपाळावर एक आठी नव्हती. हात कठड्यावर नव्हता. एक हात गालाखाली घेऊन, घरी निजत तशा त्या निजल्या होत्या.

टेबलावर बाळकृष्ण अजून पांघरुणात होता. अवी त्याला उचलायला गेला आणि मी किंचाळले, "हात लावू नकोस!" आम्हाला सुतक लागलं होतं. घरचं माणूस गेलं की घरच्यांनी सुतक फिटेपर्यंत देवाला शिवायचं नसतं. मलाही नाही, अवीलाही नाही. मी त्या खोलीत चहूकडे पाहिलं. विटाळाच्या भीतीने ज्या दवाखान्यात देव आणायला मी तयार नव्हते, तिथे त्याला स्पर्श करायला चालेल असं एकच माणूस होतं, आणि त्या माणसावर मी आत्ताच ओरडले होते.

मी हात जोडले. "सिस्टर, तुम्हीच घ्या याला."

"मैं?" त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "चलता क्या आंटी?"

"हौ, चलता," मी म्हटलं. "आता तुमच्याच हाताला चालतं."

त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले. कापसाची दुलई सरकू न देता पलंगासकट त्याला उचललं. ड्यूटी संपल्यावर घरी न जाता त्या ऑटोत मांडीवर घेऊन त्याला हिमायतनगरला घेऊन आल्या. आमच्या शेजारणीने दार उघडून दिलं. चपला बाहेर काढून त्या आत गेल्या, आणि डोकं कुठल्या बाजूला करायचं एवढंच फोनवर मला विचारलं. मग पडदा ओढून, कुणाचा चहाही न घेता निघून गेल्या. शेजारीण सांगत होती, जाताना त्या पायऱ्यांवर बसून खूप रडल्या.

सुतकातल्या त्या दिवसांत बाळकृष्ण निजलेलाच होता. मी पडद्याबाहेर बसून राहायची. पूजा करता येत नव्हती, भांडायचंही त्राण नव्हतं. बसून बसून एवढंच कळलं, की मी माणसाला शपथेने आणि ओल्या रुमालाने धरून ठेवायला निघाले होते, आणि त्याने माझ्या अक्का कुठे पोचल्या असत्या? भीतीत. अनोळखी माणसांत. त्यांना जायचं तर होतंच. पण आपला मुलगा डोळे भरून पाहून, देवाला निजवून, गालाखाली हात घेऊन त्या गेल्या. मी एक झोप मागितली होती, मला कितीतरी जास्त मिळालं. ते आणून देणाऱ्या बाईच्या गळ्यात क्रूस होता. आता मी देवाला एवढंच म्हणते, तुला कोणाच्या हाताने द्यायचं ते दे, मी आडवी येणार नाही. विजया सिस्टरची मी पुढे जाऊन माफी मागितली. त्या म्हणाल्या, "जाने देव आंटी, तुम भी कितने दिन से सोये नै थे."

सुतक फिटलं त्या पहाटे मी अंघोळ करून देवघरापुढे उभी राहिले. अवी मागे उभा होता. ज्याने निजवलं त्यानेच उठवायचं, आणि निजवणारी तर निघून गेली होती. माझा हात पुढे होईना. अक्का किती हळू आवाजात त्याला उठवायच्या. तो आवाज मला जन्मात जमणार नाही. शेवटी मी कापसाची दुलई बाजूला केली आणि माझ्या स्वतःच्या, जरा कर्कश आवाजातच त्याला सांगितलं, "ऊठ बाळा. घाबरू नकोस. अक्का नाहीत, पण मी आहे."